निसर्ग छायाचित्रणाच्या कार्यशाळेची तयारी : कोणते काम कधी करावे

दुर्गम प्रदेशातील कार्यशाळेहून जे छायाचित्रकार निराश होऊन परततात, त्यांचे बहुतेक वेळा कॅमेऱ्यावाचून काही अडलेले नसते. त्यांच्या कामांचा क्रम चुकलेला असतो. जे घरी बसून शिकता आले असते ते पहाटेच्या अंधारात, गारठलेल्या बोटांनी शिकण्याचा प्रयत्न होतो. आणि जे फक्त त्या जागीच शिकता येते, म्हणजे उजेड कसा सरकतो, कुठे उभे राहावे, किती वेळ थांबावे, त्यासाठी वेळच उरत नाही. कार्यशाळेचे शुल्क या दुसऱ्या गोष्टीसाठी भरलेले असते. म्हणून पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने पार पाडावेत.

टप्पा १ : आधी तारीख, मग जागा

सर्वसाधारणपणे लोक आधी जागा ठरवतात आणि मग सुट्टी कधी मिळते ते पाहतात. निसर्गचित्रणात हा क्रम उलटा लागतो, कारण एकच जागा दोन निरनिराळ्या आठवड्यांत दोन निरनिराळे विषय देते.

सर्वप्रथम चंद्र पाहावा. आकाशगंगेचे चित्र हवे असेल तर अमावास्येच्या आगेमागचे चार-पाच दिवस धरावेत. उत्तर गोलार्धातील मध्यम अक्षांशांवर आकाशगंगेचा तेजस्वी मध्यभाग साधारणपणे मार्च ते ऑक्टोबर या काळातच अंधाऱ्या आकाशात वर येतो, त्यामुळे डिसेंबरमधील अमावास्या या कामाची नाही. चांदण्यात उजळलेले डोंगर हवे असतील तर मात्र शुक्ल पक्षाचा उत्तरार्ध निवडावा.

त्यानंतर सूर्य. ज्याला आपण सोनेरी उजेड म्हणतो तो सूर्य क्षितिजाच्या सुमारे ६ अंश वर असल्यापासून सुमारे ४ अंश खाली जाईपर्यंत मिळतो. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, तासाला १५ अंश या गतीने, त्यामुळे हा सारा उजेड सुमारे ४० मिनिटांत संपतो. आइसलँडसारख्या उत्तरेकडील प्रदेशात उन्हाळ्यात सूर्याची वाट इतकी तिरपी असते की तोच उजेड काही तास टिकतो. म्हणून विषुववृत्ताजवळच्या कार्यशाळेत एका सकाळी तीन ठिकाणे दाखवण्याचे आश्वासन दिले असेल, तर त्यांतील दोन ठिकाणे कडक उन्हात पाहावी लागणार हे गृहीत धरावे.

समुद्रकिनाऱ्यावर भरती-ओहोटी ठरवते की पुढचा खडक दिसणार की बुडणार. दोन भरतींमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते आणि भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. त्यामुळे सूर्योदयाला ओहोटी असा योग पंधरवड्यातील मोजक्याच दिवशी येतो.

शेवटी उद्यानाच्या फाटकाची वेळ पाहावी, कारण ती बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. नामिबियाच्या वाळवंटातील डेडव्लेई हा कोरडा, खोलगट भाग याचे अगदी बोलके उदाहरण आहे. तेथील वाळलेल्या झाडांचे काळे आकार सर्वांत उठून दिसतात ते मातीचा पांढरा तळ अजून सावलीत असतो आणि मागच्या केशरी टेकडीवर ऊन पोहोचलेले असते तेव्हा. उद्यानाच्या सेस्रीम येथील प्रवेशद्वारापासून ही जागा ६० किलोमीटरहून अधिक दूर आहे. उद्यानाच्या हद्दीबाहेर मुक्काम करणाऱ्यांना सूर्योदयाच्या वेळीच आत सोडतात, तर आत मुक्काम करणाऱ्यांना तासभर आधी निघता येते. स्वस्त पडते म्हणून बाहेर राहणाऱ्याने या प्रवासातील सर्वांत महत्त्वाचा अर्धा तास निघण्यापूर्वीच गमावलेला असतो.

*तपासणी :* कार्यशाळेच्या प्रत्येक दिवसासाठी सूर्योदय, सूर्यास्त, चंद्रोदय, भरती-ओहोटी आणि फाटक उघडण्याची वेळ एका कागदावर लिहून काढावी. एखादा रकाना आपल्या विषयाच्या आड येत असेल तर पैसे भरण्यापूर्वी तारीख बदलावी.

टप्पा २ : आयोजकांना विचारायचे प्रश्न

कार्यशाळा आणि छायाचित्रण सहल या दोन भिन्न गोष्टी आहेत. सहलीत योग्य वेळी योग्य जागी नेले जाते. कार्यशाळेत त्याखेरीज शिकवले जाते. दोन्हींची जाहिरात सारखीच दिसते, म्हणून लेखी विचारून घ्यावे: एका मार्गदर्शकामागे किती विद्यार्थी असतील? मार्गदर्शक त्या वेळी स्वतःची छायाचित्रे काढत असतात का? चित्रे एकत्र पाहून चर्चा करण्याची बैठक किती वेळा होईल? पाऊस किंवा धुके आल्यास त्या दिवशी काय केले जाईल? रोजचे चालणे किती, चढ किती आणि पाठीवर ओझे किती?

यांतील मार्गदर्शकांच्या स्वतःच्या छायाचित्रणाचा प्रश्न विचारायला लोक संकोचतात, पण माझ्या मते निवड करताना सर्वांत उपयोगी उत्तर त्याचेच असते. चांगल्या उजेडाची वीस मिनिटे मार्गदर्शक आपल्या कॅमेऱ्यामागे उभे असतील, तर शिकण्याची वेळ नेमकी तीच निघून जाते. पूर्वीच्या कार्यशाळेतील एका दिवसाचे वेळापत्रक मागावे. दुपारी विश्रांतीसाठी आणि चर्चेसाठी मोकळा वेळ ठेवलेला नसेल, तर ती सहल आहे असे समजावे.

*इशारा :* संरक्षित प्रदेशांत व्यावसायिक गटासाठी, ड्रोनसाठी आणि रात्रीच्या प्रवेशासाठी पुष्कळदा स्वतंत्र परवाने लागतात. ते कोण काढणार हे पहिल्याच पत्रात स्पष्ट करून घ्यावे. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून ड्रोन उडवण्यास मनाई आहे. अशा ठिकाणी ड्रोन बरोबर नेणे म्हणजे निव्वळ ओझे वाहणे.

टप्पा ३ : आठ आठवडे आधीपासूनचा सराव

सर्वाधिक टाळाटाळ याच टप्प्यावर होते आणि कार्यशाळेचे यशही सर्वाधिक याच टप्प्यावर अवलंबून असते. पुढील पाच सराव दर आठवड्याला दोनदा करावेत.

*१. अंधारातील हाताळणी.* खोलीतील दिवे मालवून, कॅमेऱ्याचा पडदा न उजळता आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता), अ‍ॅपर्चर (लेन्समधील छिद्राचा आकार), शटर (प्रकाश आत घेण्याचा वेळ), फोकसचा प्रकार आणि दोन सेकंदांचा टायमर बदलता आला पाहिजे. अंधाराला सरावायला डोळ्यांना २० ते ३० मिनिटे लागतात आणि उजळलेला एक पडदा आपल्यासह शेजाऱ्याचीही ती सवय क्षणात मोडतो. डोक्यावरच्या दिव्याचा लाल प्रकाश वापरण्याची सवय येथूनच लावावी.

*२. ट्रायपॉड.* एका मिनिटाच्या आत तो पक्का उभा राहायला हवा. पायांच्या जाड नळ्या आधी उघडाव्यात, बारीक नळ्या शेवटी. मधला दांडा शक्यतो वर करू नये, कारण वाऱ्यात सर्वांत आधी तोच थरथरतो. उतारावर दोन पाय खालच्या बाजूला आणि एक पाय चढाच्या बाजूला ठेवावा. कॅमेऱ्यातील किंवा लेन्समधील कंपनरोधक यंत्रणा ट्रायपॉडवर चालू ठेवून आणि बंद करून दोन्ही प्रकारे चित्रे घ्यावीत आणि आपल्या संचाला काय मानवते ते निघण्यापूर्वीच ठरवून ठेवावे.

*३. हिस्टोग्राम वाचणे.* रॉ स्वरूपात (सेन्सरची कच्ची माहिती जशीच्या तशी ठेवून) छायाचित्र घेत असतानाही कॅमेऱ्यावर दिसणारा हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातील काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचा आलेख, सहसा जेपीईजी प्रतीवरून (कॅमेऱ्याने प्रक्रिया केलेल्या चित्रावरून) तयार होतो. म्हणून चित्रशैली भडक ठेवली असेल तर आकाश जळाले आहे, म्हणजे तपशील जाऊन कोरे पांढरे झाले आहे, असे दिसते आणि प्रत्यक्षात रॉ मध्ये तपशील शिल्लक असतो. कमी कॉन्ट्रास्टची शैली निवडावी, अतिप्रकाशाचा लुकलुकता इशारा चालू ठेवावा आणि आलेखाचा उजवीकडचा शेवट कडेला टेकणार नाही इतपत एक्स्पोजर (सेन्सरवर पडणारा एकूण प्रकाश) वाढवण्याचा सराव करावा.

*४. फोकस.* पुढचे दगड आणि मागचे डोंगर दोन्ही स्पष्ट हवेत म्हणून अनेक जण एफ/२२ हे अगदी लहान छिद्र वापरतात आणि विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) सगळेच चित्र किंचित मऊ करून बसतात. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ मिमी लेन्स एफ/११ वर ठेवून सुमारे १.८ मीटरवर फोकस केला, तर साधारण ०.९ मीटरपासून अनंतापर्यंतचा भाग पुरेसा स्पष्ट येतो. आपल्या प्रत्येक रुंद (विस्तृत दृश्य टिपणाऱ्या) लेन्ससाठी असा एकच आकडा काढून तो लेन्सच्या झाकणाच्या आतील बाजूस लिहून ठेवावा. ताऱ्यांसाठी स्वयंचलित फोकसवर विसंबू नये. एखादा ठळक तारा पडद्यावर मोठा करून हाताने फोकस करावा आणि मग लेन्सवरील फोकसच्या कडीला हात लावू नये.

*५. शटरचा हिशेब.* एनडी फिल्टर म्हणजे लेन्ससमोर लावायची गडद काच, आणि एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणे. दहा स्टॉपचा एनडी फिल्टर प्रकाश सुमारे हजार पटींनी कमी करतो, म्हणजे १/३० सेकंदाचे सुमारे ३० सेकंद होतात. सहा स्टॉपच्या फिल्टरने तेच सुमारे २ सेकंद होतात. ताऱ्यांच्या रेघा होऊ नयेत म्हणून शटर जास्तीत जास्त किती सेकंद ठेवावे हे काढण्यासाठी ५०० ला लेन्सच्या फोकल लांबीने (लेन्सवर लिहिलेल्या मिमीच्या आकड्याने) भागावे: २४ मिमीला सुमारे २० सेकंद. अधिक मेगापिक्सेलच्या सेन्सरवर एवढ्या वेळातही तारे लांबट दिसू शकतात, तेव्हा १० ते १२ सेकंदही घेऊन पाहावेत. उडत्या पक्ष्यांसाठी १/२००० सेकंदापासून सुरुवात करावी.

*नेहमीची चूक :* प्रवासाच्या आधीच्या आठवड्यात नवा कॅमेरा विकत घेणे. निघण्यापूर्वी सहा आठवड्यांच्या आत कॅमेरा बदलू नये. बदललाच तर जुना बरोबर ठेवावा.

टप्पा ४ : सामान

दोन लेन्स पुरेशा असतात, एक रुंद आणि एक लांब (दूरचे जवळ आणणारी). वन्यजीव हाच मुख्य विषय असेल तरच याला अपवाद करावा. जास्त लेन्स म्हणजे वाळूत आणि धुक्यात जास्त वेळा लेन्स बदलणे. बदलताना वाऱ्याकडे पाठ करावी, कॅमेऱ्याचे तोंड खाली धरावे आणि दुसरी लेन्स आधीच हाताशी सैल करून ठेवावी.

विमान प्रवासात सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत, त्या हाताशी ठेवायच्या सामानातच न्याव्या लागतात. सर्वसाधारण मर्यादा बॅटरीमागे १०० वॅट-तासांची असते. १०० ते १६० वॅट-तासांच्या बॅटऱ्यांना विमान कंपनीची परवानगी लागते आणि अशा सुट्या बॅटऱ्या दोनच नेता येतात. २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॅट-तासांची होते, म्हणजे ती मर्यादेत बसते. बॅटऱ्यांची टोके चिकटपट्टीने झाकावीत. कॅमेरा, एक लेन्स, मेमरी कार्डे आणि एक चार्जर एवढे सामान नेहमी हातातील बॅगेत असावे, जेणेकरून बाकीची बॅग दोन दिवस उशिरा आली तरी काम अडणार नाही.

*इशारा :* थंडीत बॅटरीची क्षमता झपाट्याने घटते. सुट्या बॅटऱ्या अंगाला लागून असलेल्या आतल्या खिशात ठेवाव्यात. संपलेली वाटणारी बॅटरी उबदार झाल्यावर पुष्कळदा आणखी काही चित्रे देते.

टप्पा ५ : शरीर

भरलेली बॅग पाठीवर घेऊन आठवड्यातून तीनदा चालावे, त्यांपैकी एकदा तरी चढावर. उंच प्रदेशात ३,००० मीटरच्या वर झोपण्याच्या जागेची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे. आयोजकांचे वेळापत्रक याहून घाईचे असेल तर ते लिहून विचारावे. डोकेदुखी, मळमळ किंवा चालताना तोल जाणे ही लक्षणे लपवून पहाटे निघणारा माणूस स्वतःला आणि साऱ्या गटाला धोक्यात घालतो.

टप्पा ६ : पहिली दुपार कॅमेऱ्याविना

पोहोचलेल्या दिवशी, उद्या पहाटे जिथे जायचे आहे त्या जागी दिवसाउजेडी जाऊन यावे. गाडी कुठे थांबणार, अंधारात पाय कुठे घसरेल, सूर्य कोणत्या खिंडीतून वर येणार आणि त्याचा पहिला उजेड कुठे पडणार एवढ्याच गोष्टी पाहाव्यात. उभे राहण्याच्या दोन जागा ठरवाव्यात, कारण पहिल्या जागी आपल्याआधी कुणीतरी आलेले असू शकते. पाहणीत कॅमेरा हाती घेतला की नजर दुपारच्याच चित्रात अडकते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

*इशारा :* किनाऱ्यावर पाण्याकडे पाठ करू नये. आइसलँडच्या रेनिसफ्यारा किनाऱ्यावर शांत दिसणाऱ्या समुद्रातून अचानक दूरवर धावून येणाऱ्या लाटांनी माणसे ओढून नेली आहेत. कोणत्याही नव्या किनाऱ्यावर आधी किमान १५ ते २० मिनिटे दूर उभे राहून सर्वांत मोठी लाट कुठवर येते ते पाहावे, आणि ट्रायपॉड त्या रेषेच्याही बराच मागे लावावा.

टप्पा ७ : प्रत्यक्ष छायाचित्र घेण्याचा क्रम

१. सर्वांत आधी सेटिंग पूर्ववत करावीत: आयएसओ मूळ पातळीवर, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करण्याची सोय) शून्यावर, फोकस हवा त्या प्रकारात. रात्री ताऱ्यांसाठी लावलेला ३२०० आयएसओ तसाच ठेवून एक संपूर्ण सूर्योदय मी दाणेदार करून घेतला आहे. तेव्हापासून बॅग उघडताच पहिले काम हेच करतो.

२. चित्र कशाचे आहे ते मनात एका वाक्यात म्हणावे. “दरीतून वर येणारे धुके आणि त्यात एकटे झाड” हे वाक्य चित्र घडवते. “सुंदर सकाळ” या वाक्याने काहीच ठरत नाही.

३. कॅमेरा हातात धरून फिरावे. बसावे, दोन पावले डावीकडे सरकावे, दगडाच्या जवळ जावे. चौकट सापडली की मगच ट्रायपॉड आणून तिथे लावावा. आधी ट्रायपॉड उघडणाऱ्यांची सगळी चित्रे डोळ्यांच्या उंचीवरून आणि रस्त्याच्या कडेवरून घेतलेली दिसतात.

४. चौकटीच्या चारही कडांवरून नजर फिरवावी. अर्धवट कापलेली फांदी, कोपऱ्यातील उजळ दगड, दुसऱ्याच्या ट्रायपॉडचा पाय हे आत्ताच काढावे. ज्या दोन आकारांत मोकळी जागा हवी आहे ते एकमेकांना चिकटलेले नाहीत ना, हेही पाहावे. बहुतेकदा कॅमेरा वीतभर वर किंवा खाली केल्याने ते सुटे होतात.

५. अ‍ॅपर्चर ठरवावे, मग फोकस, मग शटर, आणि आयएसओला शेवटी हात लावावा. वाऱ्याने गवत हलत असेल तर मात्र शटर आधी येते आणि आयएसओ वाढवण्यास कचरू नये. हललेले गवत नंतर कोणत्याही प्रक्रियेने स्थिर होत नाही, दाणे मात्र कमी करता येतात.

६. एक चाचणी चित्र घ्यावे, हिस्टोग्राम पाहावा आणि चित्र पूर्ण मोठे करून पुढचा व मागचा भाग तपासावा. आकाश आणि जमीन यांतील फरक सेन्सरच्या आवाक्याबाहेर असेल तर तीन किंवा पाच वेगवेगळ्या एक्स्पोजरची मालिका घ्यावी.

७. पोलरायझर (चमक कमी करणारा, फिरवता येणारा फिल्टर) लावला असेल तर तो फिरवून खात्री करावी. सूर्यापासून ९० अंशांच्या दिशेला त्याचा परिणाम सर्वाधिक असतो, त्यामुळे रुंद लेन्सवर आकाशाचा एकच पट्टा गडद होतो आणि ते चित्र नंतर सावरता येत नाही. ओल्या पानांवरील आणि दगडांवरील चमक घालवण्यासाठी मात्र त्याला पर्याय नाही.

८. मुख्य चित्र झाल्यावर मागे वळून पाहावे. सूर्यास्तानंतर किमान २० ते ३० मिनिटे जागा सोडू नये. सूर्य बुडताच सामान आवरणाऱ्यांच्या पाठीमागे, सूर्याच्या विरुद्ध बाजूला, पृथ्वीची निळसर सावली आणि तिच्यावरचा गुलाबी पट्टा चढत असतो, आणि तो त्यांना कधीच दिसत नाही.

*तपासणी :* एका उजेडात तीनहून अधिक जागा बदलल्या असतील तर दुसऱ्या दिवशी एकाच जागी थांबावे.

टप्पा ८ : प्राणी आणि जमीन

अंतराचे नियम छायाचित्रकाराच्या लेन्सवरून ठरत नाहीत. अमेरिकेच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात अस्वल आणि लांडगे यांच्यापासून ९१ मीटर आणि इतर बहुतेक प्राण्यांपासून २३ मीटर अंतर राखणे बंधनकारक आहे. अंटार्क्टिकात सहल कंपन्यांच्या संघटनेच्या नियमांनुसार एका जागी एका वेळी १०० हून अधिक पर्यटक उतरू शकत नाहीत आणि पेंग्विनपासून ५ मीटर दूर राहावे लागते. नियम लिहिलेला नसेल तेथे प्राण्याचे वागणे पाहावे: चरणे थांबवून त्याने मान वर केली, कान आपल्याकडे वळवले, पिल्लाला आडोशाला घेतले, की आपण आधीच फार जवळ गेलो आहोत. तेथेच थांबून हळूहळू मागे यावे.

पक्ष्यांना ध्वनिमुद्रित हाक ऐकवू नये, घरट्यासमोरची फांदी बाजूला करू नये आणि फुलाभोवतीचे गवत उपटू नये. गटातील कुणी असे करत असेल, मग ते मार्गदर्शक का असेनात, तर स्पष्ट शब्दांत थांबवावे. हा टप्पा मी आठव्या क्रमांकावर ठेवला आहे तो केवळ कामाच्या क्रमामुळे. यात चूक झाली तर आधीच्या सातांतून मिळालेले चित्र ठेवण्याच्या लायकीचे राहत नाही.

टप्पा ९ : रोज रात्रीचे काम

थंडीतून उबदार खोलीत येण्यापूर्वी, बाहेरच मेमरी कार्ड आणि बॅटरी काढून घ्यावी आणि कॅमेरा हवाबंद पिशवीत घालावा. पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे साधारण एक-दोन तास, उघडू नये. नाहीतर दव लेन्सच्या आत धरते.

त्यानंतरचा क्रम असा: कार्डावरील चित्रे दोन वेगळ्या डिस्कवर उतरवावीत, दोन्हींवर काही चित्रे उघडून खात्री करावी, एक डिस्क एका बॅगेत आणि दुसरी दुसऱ्या बॅगेत ठेवावी. शक्य असेल तर प्रवास संपेपर्यंत कार्डे पुसूच नयेत. मग बॅटऱ्या चार्जरवर लावाव्यात, सेन्सरवर फुंकणीने हवा मारावी, आणि खाऱ्या पाण्यात किंवा वाळूत उभा राहिलेला ट्रायपॉड गोड्या पाण्याने धुऊन पाय उघडे ठेवून वाळवावा. झोपण्यापूर्वी उद्याची बॅग दाराशी तयार असावी.

*नेहमीची चूक :* रात्री थकून कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर चित्रे पुसत बसणे. त्या पडद्यावर धूसर दिसणारे चित्र पुष्कळदा मोठ्या पडद्यावर उत्तम निघते. तेथे काहीही पुसू नये.

टप्पा १० : चर्चेची बैठक आणि परतल्यानंतर

चर्चेसाठी पाच चित्रे न्यावीत: तीन जमलेली आणि दोन अशी की जी का बिघडली ते आपल्याला कळत नाही. बहुतेक जण पाचही चांगलीच नेतात आणि कौतुक घेऊन परत येतात. सर्वांत कामाचा सल्ला त्या दोन बिघडलेल्या चित्रांवर मिळतो. तो ऐकताना समर्थन देऊ नये, शब्दशः लिहून घ्यावा.

घरी आल्यावर तिसरी प्रत वेगळ्या जागी ठेवावी आणि अंतिम निवड दोन आठवड्यांनी करावी. तोवर त्या पहाटेची थंडी आणि चढाचे श्रम मनातून थोडे उतरलेले असतात आणि चित्र जसे आहे तसे दिसू लागते. दुर्मीळ प्राणी, घरटी किंवा वनस्पती यांची चित्रे इतरांना दाखवण्यापूर्वी त्यांतील स्थानाची माहिती काढून टाकावी, कारण शिकारी आणि संग्राहकही ती वाचू शकतात.

शेवटी बॅग रिकामी करताना बाहेर न पडलेल्या वस्तू आणि कमी पडलेल्या वस्तू अशी दोन सदरांची यादी करून ती बॅगेच्या आतल्या कप्प्यातच ठेवावी.